विषय (मराठी मंडळ, एडमंटन, कॅनडा): गाडीत ‘बॅटरी चार्ज कमी’ असं येतंय, बॅटरी बदलू का?

मिल वुड्सहून

नमस्कार मंडळी,

सुट्टीत चार आठवडे पुण्याला जाऊन आलो. गाडी घराबाहेर उघड्यावरच उभी होती. आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं टिकटिक. शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून जंप दिला आणि सुरू झाली. पण तेव्हापासून इंजिन बंद ठेवून रेडिओ लावला की स्क्रीनवर ‘बॅटरी चार्ज कमी’ येतं आणि रेडिओ आपोआप बंद होतो. ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे लांबचा फेरा असा होतच नाही. एका गॅरेजमध्ये विचारलं, तर बॉनेटही न उघडता ‘बॅटरी आणि ऑल्टरनेटर दोन्ही बदला’ म्हणाले. बॅटरी गाडीबरोबर आलेली, चार वर्षांची आहे. पुढच्या आठवड्यात एडमंटनला उणे तीस सांगितलंय आणि सकाळी मुलीला पाळणाघरात सोडायचं असतं. आधी काय बघू?

सेंट अल्बर्टहून

अरे, थांब. मीटरवरचे आकडे हातात आल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नकोस.

आधी एक सांग: इंजिन चालू असताना बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो का? तो दिवा आणि तुला येणारा संदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल दिवा म्हणजे चार्जिंगच होत नाहीये: ऑल्टरनेटर (चालत्या इंजिनावर वीज बनवून बॅटरी भरणारा जनरेटर) गेला, पट्टा तुटला किंवा एखादी वायर सुटली. तेव्हा गाडी फक्त बॅटरीत उरलेल्या साठ्यावर चाललेली असते आणि कधीही बंद पडू शकते. या थंडीत तो दिवा लागला तर हायवेला जायचंच नाही. सीटचा आणि मागच्या काचेचा हीटर बंद करून जवळच्या सुरक्षित ठिकाणी गाडी न्यायची.

‘बॅटरी चार्ज कमी’ हा संदेश मात्र साठ्याबद्दल बोलतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, व्होल्टेज किती, तापमान किती, यावरून तो साठ्याचा हिशेब ठेवतो. साठा ठरावीक पातळीखाली गेला की गाडी रेडिओसारख्या गोष्टी स्वतःच बंद करते, म्हणजे पुढच्या वेळी सेल्फपुरतं तरी काही उरावं. बॅटरी खराब झाली आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. ती भरलेली नाही, एवढंच कळतं.

आणि तुझी ती का भरलेली नसेल, हे सरळ गणित आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, किल्लीचा रिसीव्हर थोडा करंट खातच असतात. 50 मिलीअँपिअरपर्यंत ते चालण्यासारखं मानतात. पण 50 मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर), चार आठवड्यांत जवळजवळ 34. तुझ्या गाडीत साधारण 60 अँपिअर-अवरची बॅटरी असेल, म्हणजे निम्म्याहून जास्त साठा नुसत्या उभं राहण्यात गेला. त्यात गारठलेली बॅटरी चार्ज फार हळू घेते. दहा मिनिटांच्या फेरीत ब्लोअर, दिवे, मागची काच आणि सीटचा हीटर चालू असताना तिच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही. तू महिनाभर रोज ऑफिसला गेलास तरी ती भरणार नाही.

आता मोजमाप. साधा डिजिटल मल्टिमीटर घे, डीसी 20 व्होल्टवर लाव. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी, काही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर माप. 12.6 किंवा 12.7 म्हणजे भरलेली. 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे पाव. गाडी चालवून आल्या आल्या मापू नकोस. तेव्हा आकडा फुगलेला दिसतो आणि माणूस उगाच निश्चिंत होतो.

मग घरातल्या कुणाला सेल्फ मारायला सांग आणि तू मीटरकडे बघ. आकडा क्षणभर खाली जाईल. भरलेली, धडधाकट बॅटरी साध्या हवेत 9.6 च्या खाली जात नाही. आपल्या थंडीत थोडी जाते, पण 8 पर्यंत कोसळली तर लक्षण चांगलं नाही. इंजिन सुरू झाल्यावर 13.5 ते 14.7 दिसायला हवं. दिवे, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावूनही ते टिकलं, तर ऑल्टरनेटर ठीक आहे. काही नवीन गाड्या पेट्रोल वाचवायला मुद्दाम व्होल्टेज उतरवतात, म्हणून काहीही चालू नसताना 12.9 दिसलं तर लगेच घाबरायचं नाही, भार टाकून पुन्हा बघायचं.

टर्मिनलवर पांढरी-निळी भुकटी आहे का तेही बघ. मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरं तिच्यावरच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारायला सांग. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट आला तर बॅटरी निर्दोष असूनही सेल्फला पुरेसा करंट पोचत नाहीये. सोड्याच्या पाण्याने धू, तारेच्या ब्रशने घास, नीट आवळ. हा उपाय फुकटचा आहे आणि तोच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो.

सकाळचा आकडा कमी आला तर मंडळाच्या सामानात ठेवलेला माझा स्मार्ट चार्जर घेऊन जा. बॅटरी एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली) आहे की साधी, हे तिच्या लेबलवर बघून तसं बटण दाब. चार्जरचा काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर लावू नकोस, गाडीच्या उघड्या धातूवर लाव. नाहीतर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि बॅटरी भरूनही संदेश येत राहतो. पूर्ण भरल्यावर पार्ट्सच्या दुकानात टेस्टरवर लाव. बरीच दुकानं हे फुकट करून देतात. अर्धवट भरलेल्या बॅटरीची टेस्ट करून काही निष्पन्न होत नाही.

ती टेस्ट लागते कशाला, तर नुसत्या व्होल्टेजवरून तब्येत कळत नाही. गच्चीवरच्या टाकीत गाळ साचला तर ती काठोकाठ भरलेली दिसते, पण नळाला पाणी थोडाच वेळ टिकतं. जुन्या बॅटरीत प्लेटवर सल्फेट धरतं तेव्हा असंच होतं: 12.6 दाखवेल आणि सेल्फच्या वेळी मान टाकेल. लेबलवर सीसीए लिहिलेला आकडा असतो. उणे 18 अंशांत, 30 सेकंद, 7.2 व्होल्टच्या खाली न जाता किती अँपिअर देता येतात, तो हा आकडा. टेस्टरने दाखवलेला आकडा त्याच्याशी ताडून बघ. बराच कमी असेल तर मात्र बदल.

एक सगळ्यांसाठीच, कारण हे जिवावर बेतू शकतं. भरलेली बॅटरी उणे 50 मध्येही गोठत नाही, पण पार उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं आणि ते उणे 10 च्या आसपासच गोठतं. बाजू फुगलेल्या किंवा तडा गेलेला दिसला तर जंप नाही, चार्जर नाही. ती फुटू शकते.

शेरवूड पार्कहून

काका, आमची गाडी पूर्ण इलेक्ट्रिक आहे. मोठ्या बॅटरीत 70 टक्के असतानाही काल ‘12 व्होल्ट बॅटरी कमी’ असं आलं. आम्हाला सेल्फच नाही, मग हे मनावर घ्यायचं का?

सेंट अल्बर्टहून

तुम्ही तर जास्तच मनावर घ्या. दाराची कुलुपं, कॉम्प्युटर आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच), हे सगळं त्या छोट्या 12 व्होल्टवर चालतं. ती बसली की मोठ्या बॅटरीत कितीही साठा असला तरी गाडी जागी होत नाही, बऱ्याच गाड्या चार्जिंगलाही लागत नाहीत. पेट्रोलच्या गाडीत सेल्फ जड फिरायला लागला की बऱ्याचदा आधी कळतं. तुमच्याकडे सेल्फ नाही, त्यामुळे हा संदेश हीच एकमेव पूर्वसूचना. याच आठवड्यात टेस्ट करून घ्या. ती बॅटरी लेड-ॲसिड आहे की लिथियम, हे मॅन्युअलमध्ये बघा आणि लिथियम असेल तर साधा चार्जर लावू नका. आणि मॅन्युअलमध्ये परवानगी नसेल तर तुमच्या गाडीवरून दुसऱ्याला जंपही देऊ नका.

मिल वुड्सहून

काका, आकडे आले. लाल दिवा कधीच लागला नाही. सकाळी 12.1. सेल्फ मारताना 8.9. चालू झाल्यावर सगळा भार टाकून 14.3. टर्मिनल स्वच्छ. चार्जर गरम गॅरेजमध्ये पूर्ण रात्र आणि दुसरा दिवस लावला, मग सोडून दिलं. दुसऱ्या सकाळी 12.7. दुकानातल्या टेस्टरवर 640 पैकी 560 सीसीए. पण त्यानंतर दोनच रात्रींत 12.4 वर आली. म्हणजे अजून काहीतरी खातंय का?

सेंट अल्बर्टहून

छान मोजलंस. बॅटरी अजून कामाची आहे आणि ऑल्टरनेटरला हात लावायचं काहीच कारण नाही. पण दोन रात्रींत एवढी उतरणं बरोबर नाही, करंट माप. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाल, निगेटिव्हची केबल काढ आणि मीटर ती केबल आणि बॅटरीची निगेटिव्ह खुंटी यांच्या मध्ये जोड. बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटव, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल. दारं बंद, किल्ली घरात लांब. तासभर थांब, कारण आतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर किंवा त्याचा फ्यूज जळेल. संपल्यावर लाल वायर आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाल. आणि सांग, डॅशकॅम किंवा इन्शुरन्सवाल्यांनी दिलेली खालच्या सॉकेटमधली डबी आहे का?

मिल वुड्सहून

डॅशकॅम आहे. तासाभराने 0.27 अँपिअर दाखवत होता, कॅमेऱ्याचा फ्यूज काढल्यावर 0.03 झाला.

सेंट अल्बर्टहून

सापडला. 0.24 अँपिअर म्हणजे दिवसाला पावणेसहा अँपिअर-अवर. तुम्ही पुण्याला असताना त्याने आठवडाभरातच साठा निम्म्यावर आणला असेल आणि उरलेलं गाडीने स्वतः खाल्लं. कॅमेऱ्याच्या वायरिंग किटमध्ये कमी व्होल्टेजला बंद होण्याची सेटिंग असते, ती बहुतेक सगळ्यात खाली ठेवलेली असेल. ती 12.4 वर आण आणि थंडीत पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही चित्रण चालू ठेवणं) बंदच ठेव. पुन्हा भारतात जाताना कॅमेरा काढून ठेव आणि गॅरेज मिळालं तर एक-दीड अँपिअरचा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून जा. ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचं इंजिन घरच्या विजेवर गरम ठेवणारा) लावला की इंजिन सोपं फिरतं, पण बॅटरी त्याने चार्ज होत नाही. पुढे कधी बॅटरी बदललीस, तर नवीन बसवल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावं लागतं का, ते आधी विचारून घे.

उणे तीसची लाट जाईपर्यंत चार्जर तुझ्याकडेच राहू दे. नंतर शेरवूड पार्कला पोचव, त्यांची 12 व्होल्टची लेड-ॲसिड निघाली तर त्यांना लागेल.