ग्रीसच्या बेटावर चौघा मित्रांच्या दोन रात्री : बेट कोणते निवडावे?

चादरगल्ली (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार.

आम्ही चौघे मित्र सोलापूरच्या एकाच शाळेत, दहावीपर्यंत एकाच तुकडीत होतो. आज आमच्यापैकी दोघे सोलापुरात आहोत (माझा चादरी आणि टॉवेलांचा वडिलोपार्जित धंदा आहे), एक पुण्याला स्थायिक झाला आहे आणि चौथा गेली अकरा वर्षे म्युनिकमध्ये नोकरी करतो. चौघे एकत्र बसलो ते शेवटचे त्याच्या लग्नात, आणि तेही पंगत उठेपर्यंतच. यंदा पितृपक्षात, म्हणजे गणपती झाल्यावर आणि नवरात्राची गिऱ्हाइकी सुरू होण्यापूर्वी, मला दुकानातून बारा दिवस निघता येईल; म्युनिकच्या मित्राला मात्र शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून सुटल्यापासून सोमवारपर्यंत एवढीच सवड आहे. म्हणून तो शनिवार-रविवार ग्रीसच्या एखाद्या बेटावर काढावा, आणि सोमवारी संध्याकाळच्या विमानाने सगळ्यांनीच म्युनिकला जाऊन आम्ही तिघांनी पाच-सहा दिवस त्याच्या घरी राहावे, असे घाटते आहे.

अडचण अशी की ‘ग्रीसचे बेट’ म्हटले की आमच्यातील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे सँटोरिनीची निळ्या घुमटांची पांढरी घरेच येतात, आणि त्यापलीकडे कोणाला काही ठाऊक नाही. एका मित्राला ताम्हिणी घाटातसुद्धा ओकारी होते, तेव्हा बोटीचे काय होईल याची धास्ती आहे. दुसरा पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. व्हिसासाठी येथील ज्या प्रवास एजंटाकडे विचारणा केली त्याने ‘पहिल्यांदा ज्या देशात उतरता त्याचाच व्हिसा काढायचा’ असे सांगून ग्रीसचा अर्ज भरायला घेतला आहे. हे सारे बरोबर चालले आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

पैलतीर

तुम्ही बेट छायाचित्रावरून निवडू पाहत आहात. दोन रात्रींसाठी ते बोटीच्या वेळापत्रकावरून निवडावे लागते.

अथेन्सचे मुख्य बंदर पिरेअस. तेथून सँटोरिनीला साधी मोठी बोट आठ तासांच्या आसपास घेते आणि वेगवान बोटीलाही पाच तास लागतात. आपल्या हिशेबाने हे सोलापूरहून मुंबई गाठण्यासारखे झाले, आणि तुमच्या मित्राच्या हातात शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ एवढेच अठ्ठेचाळीस तास आहेत. त्याच बंदरातून सॅरोनिक आखातातील एजिना हे बेट साध्या बोटीने सव्वा तासावर आहे, म्हणजे एसटीने तुळजापूरला जाण्याइतके. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची तिसरी मार्गिका २०२२ पासून थेट पिरेअसपर्यंत जाते, त्यामुळे सामान घेऊन मध्ये उतरण्या-चढण्याची यातायात राहिलेली नाही. शुक्रवारी मित्र रात्री उशिरा उतरणार असेल तर ती रात्र पिरेअसमध्येच काढा आणि शनिवारी पहिल्या-दुसऱ्या बोटीने निघा. सॅरोनिक बेटांच्या बोटी ई-८ या फाटकाजवळून सुटतात. बंदर इतके लांबलचक आहे की चुकीच्या फाटकाशी टॅक्सी सोडली तर बोट डोळ्यांदेखत निघून जाते.

ओकारीविषयी सांगायचे तर ‘फ्लाइंग डॉल्फिन’ नावाची छोटी जलद बोट चाळीस मिनिटांत पोहोचवते खरी, परंतु तिच्यात बंद खिडकीशी खिळून बसावे लागते आणि लाटेचा प्रत्येक दणका अंगाला जाणवतो. गाड्या वाहून नेणारी मोठी बोट संथ आणि जड असते. तिच्या मधल्या भागात, उघड्या डेकवर, नजर क्षितिजावर ठेवून बसले तर तुमच्या मित्राला बहुधा गोळीचीही गरज पडणार नाही. पैसेही कमी लागतात.

आता बेटाविषयी. एजिनाला सँटोरिनीसारखा कडा नाही, हे आधीच सांगतो. बंदरात शिरताना उजवीकडे धक्क्यावर एक लहानसे पांढरे चर्च दिसते, डावीकडे अपोलोच्या मंदिराचा उरलेला एकुलता एक खांब उभा असतो, आणि बोटीतून उतरताच पिस्त्याची दुकाने सुरू होतात. एजिनाचा पिस्ता ग्रीसभर नावाजलेला आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत त्याची काढणी चालते, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा ताजा माल बाजारात आलेला असेल. आपण शेंगा जशा मूठमूठ तोंडात टाकतो तसे तेथील म्हातारे चहाटळकी करीत पिस्ते फोडत बसलेले असतात, आणि टेबलाखाली टरफलांचा खच पडलेला असतो.

आपण आज ज्याला ग्रीस म्हणतो त्या राष्ट्राची पहिली राजधानी अथेन्स नव्हती. अथेन्सच्या आधी नाफ्प्लिओला आणि त्याही आधी, १८२८ च्या सुमारास, या एजिनाला तो मान होता. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पाइनच्या झाडांतील टेकडीवर अफाइया देवीचे मंदिर आहे, इसवी सनपूर्व ५०० च्या आसपासचे. बंदरावरून तेथे बस जाते. खांब बरेच शाबूत आहेत, परंतु छताखालच्या त्रिकोणी भागातील योद्ध्यांच्या मूर्ती तेथे नाहीत. १८११ मध्ये त्या उकरून काढण्यात आल्या आणि बव्हेरियाचा युवराज लुडविग याने विकत घेतल्या. आज त्या म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहेत. म्हणजे तुमचा मित्र अकरा वर्षे ज्या गावात राहतो तेथे मूर्ती, आणि तुम्ही चौघे जेथे भेटणार तेथे त्यांचे रिकामे मखर. पुढे याच लुडविगचा मुलगा ऑटो ग्रीसचा पहिला राजा झाला, हा आणखी एक योगायोग.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडील पेर्दिका या कोळ्यांच्या गावी जा आणि तेथून होडीने समोरच्या मोनी बेटावर पोहायला जा. त्या निर्मनुष्य बेटावर मोर फिरतात. पोहून आल्यावर काठावरच्या पिशव्या सांभाळा. एका दौऱ्यात दोन बेटे करण्याचा मोह मात्र टाळा.

सातरस्ता

पैलतीर यांचे गणित मान्य आहे, परंतु ते फक्त बोटीचे गणित आहे. अथेन्सहून सँटोरिनीला विमानाने पाऊण तासाच्या आसपास लागतो. इतक्या दूर, इतका खर्च करून, कदाचित आयुष्यात एकदाच जायचे आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या स्फोटाने तयार झालेला तो प्रचंड कडा, त्याच राखेखाली गाडले गेलेले अक्रोतिरी हे गाव, हे काही न पाहता पिस्ते खाऊन परत यायचे, हे मला पटत नाही. घरी आल्यावर चारचौघांत विचारणा होतेच, ‘सँटोरिनीला गेला होता ना?’

हिप्परगाकाठ

सातरस्ता यांच्यासारखाच विचार करून आम्ही तिघे जुलैअखेरीस सँटोरिनीला दोन रात्रींसाठी गेलो होतो, त्याची हकीकत सांगतो. जाताना विमान मिळाले. येताना विमानाचे दर चढल्यामुळे एजंटाने बोटीची तिकिटे काढली आणि बोट पोहोचल्यावर अवघ्या सहा तासांनी अथेन्सहून मुंबईकडे निघणारे विमान ठेवले. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा दिवसेंदिवस वाहतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि तरीही धक्क्यावर उभे राहवत नव्हते. वारा ठराविक जोराच्या वर गेला की बंदर अधिकारी बोटी सोडण्यास मनाई करतात; त्यासाठी तेथे ‘अपागोरेफ्तिको’ असा शब्दच आहे, आणि तो त्या दिवशी आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकला की आजही पाठ आहे. बोटीचे पैसे परत मिळाले. विमानाचे मिळाले नाहीत, कारण दोन्ही तिकिटे वेगवेगळी होती.

सूर्यास्त पाहण्यासाठी इया गावात आम्ही दीड तास आधी जाऊन उभे राहिलो होतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर असते तशी गर्दी होती, आणि मला दिसला तो समोरच्या माणसाचा उंचावलेला मोबाईल.

पितृपक्षापर्यंत वारा बराच ओसरतो आणि सॅरोनिक आखात तसेही आडोशाला आहे. तरीसुद्धा सोमवारी संध्याकाळचे विमान असेल तर सकाळचीच बोट धरा.

कागदोपत्री

व्हिसाच्या बाबतीत तुमच्या एजंटाने सांगितलेला नियम अर्धवट आहे, आणि तो तसाच पाळला तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी) अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. दोन देशांतील दिवस सारखे असतील तरच प्रथम प्रवेशाचा देश धरला जातो. ग्रीसमध्ये तीन रात्री आणि जर्मनीत पाच-सहा असा तुमचा बेत असल्याने अर्ज जर्मनीकडे करावा लागेल. त्या व्हिसावर अथेन्समध्ये उतरण्यास काहीही हरकत नाही. प्रौढांचे शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून उशिरात उशिरा पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. तुम्ही पंधरा दिवसांची वाट पाहू नका, उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही. म्युनिकच्या मित्राने निमंत्रणपत्र द्यावे आणि स्वतः प्रवास करताना पारपत्राबरोबर जर्मनीचे निवासपत्र जवळ ठेवावे.

बेटावर स्कूटर घेण्याचा विचार असल्यास आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. नुसता भारतीय परवाना पाहून एखादा दुकानदार गाडी देईलही, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

कडकभाकरी

शाकाहारी मित्राची काळजी करू नका; मी स्वतः शाकाहारी असून ग्रीसमध्ये आठ दिवस उत्तम जेवले आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास वर्षभर चालतात, आणि त्या उपवासाला मांस, अंडी, दूध सगळेच वर्ज्य असते, त्यामुळे ‘निस्तिसिमो’ (उपवासाचे) हा शब्द उच्चारला की खानावळवाला बरेचसे ओळखतो; कोळंबी, ऑक्टोपस मात्र त्या उपवासाला चालतात, तेव्हा तेही नको असे सांगा. फावा मागवा, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे घट्ट गोळा वरण, वर ऑलिव्हचे तेल आणि चिरलेला कच्चा कांदा. आपण पिठल्यावर तेल सोडतो, अगदी तसेच. ‘गेमिस्ता’ म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. त्यात कधीकधी खिमा असतो, म्हणून विचारून घ्या. बिनखिम्याच्या गेमिस्ताला ते ‘ओर्फाना’, म्हणजे अनाथ म्हणतात! फेटा चीज बहुधा प्राणिजन्य विरजणाने केलेले असते, हे मात्र कडक पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आठ दिवसांत एकच उणीव भासली, ती तिखटाची. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, परंतु तूप, पेढे, चक्का असे दुधाचे काहीही नेऊ नका; युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे.

चादरगल्ली (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. एजिना नक्की केले आहे. एजंटाला नियम दाखवला तेव्हा त्याने ‘दोन्ही चालतात’ असे म्हणून पाहिले, पण शेवटी अर्ज जर्मनीकडे वळवला. सातरस्ता यांचे म्हणणे आमच्या पुण्याच्या मित्रालाही पटले होते. हिप्परगाकाठ यांची हकीकत त्याला पाठवल्यावर तो दोन दिवस काही बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या वाट्याचे पैसे पाठवून दिले.

पैलतीर यांचा मजकूर म्युनिकला पाठवला. तो पठ्ठ्या अकरा वर्षांत त्या संग्रहालयात एकदाही गेलेला नव्हता. परवाच्या रविवारी गेला आणि ढालीचा आधार घेत खाली कोसळणाऱ्या एका योद्ध्याचे छायाचित्र त्याने धाडले. खाली लिहिले होते, ‘हा मूळचा तिकडचाच, म्हणे. शेंगाचटणी दोन किलो आण.’