निवृत्तीनंतरचा आठवडा कसा बांधायचा?

उंबरठा:

नमस्कार मंडळी. निवृत्तीला तीन महिने उरलेत. पैशांचं गणित बसलेलं आहे आणि तब्येत बरी आहे, त्यामुळे त्याबद्दल विचारत नाही. प्रश्न वेळेचा आहे. काम टेबलावरचं, आठवड्याला ४५ तास आणि जाण्यायेण्याचे १०. म्हणजे आठवड्याचे ५५ तास एकदम मोकळे होणार. छंद जोपासा, फिरायला जा, वाचन करा असं सगळेच सांगतात. पण नेमकं कसं, किती आणि कोणत्या क्रमाने, हे कुणी सांगत नाही. मुरलेला असा छंद नाही. जुन्या फोटोंच्या तीन पेट्या आहेत, त्यांचं काही करावं असं डोक्यात आहे. जोडीदाराचा दिवस आधीपासून ठरलेला आहे, त्यात लुडबूड नको. सुरुवात कुठून करावी आणि माणसं नेमकी कुठे चुकतात?

दिनमान:

तासांचा हिशोब मांडलात हे उत्तम. आता त्या ५५ तासांत पगाराखेरीज काय मिळत होतं ते पाहा. मारी याहोडा या समाजमानसशास्त्रज्ञ बाईंनी ते पाच गोष्टींत मांडलं आहे: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, अनेकांनी मिळून साधायचं काहीतरी, समाजातलं स्थान आणि अंगाला-डोक्याला नियमित काम. याहोडा आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावाचा केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. कापडगिरणी बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालं होतं. वेळच वेळ होता, वाचनालयाची फीसुद्धा माफ केली होती, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. त्या लोकांना पैशांची चणचण होती, तुम्हाला ती नाही, म्हणून तुलना फार ताणू नये. पण वेळ मिळाला की वाचन आपोआप होईल, ही समजूत आताच सोडा.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन आठवडे काहीही ठरवू नका, फक्त नोंद ठेवा. साधी वही घ्या, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी आखा आणि दोन रकाने करा: काय केलं, कुणाशी बोललो. दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना असं तीनदा लिहा. रात्री एकदम लिहायला बसलं की मधले दोन-तीन तास आठवतच नाहीत, आणि नेमके तेच तास आपल्याला शोधायचे असतात. दुसऱ्या रकान्यात सलग कोऱ्या ओळी दिसल्या, की तिथे माणसं लागणारं काम बसवायचं. पहिला रकाना कोरा असेल तर हाताचं काम.

मग आठवडा मांडा. सात सकाळी, सात दुपारी, असे चौदा अर्धे दिवस होतात. पहिल्या तीन महिन्यांत त्यातले फक्त चार बांधा. हा आकडा कमी वाटेल, पण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. निवृत्त झाल्याचं कळताच सोसायटीची समिती, नातेवाइकांची कामं, कुणाचे हिशोब असं सगळं अंगावर येतं, रिकामपणाच्या धास्तीने माणूस हो म्हणत जातो आणि पुढे सुटता येत नाही. विचारायला येणाऱ्याला 'तीन महिन्यांनी सांगतो' एवढंच सांगायचं.

काम निवडताना तीन गोष्टी बघा. ठरल्या वेळी कुणी आपली वाट पाहतंय का? कामातून दाखवता येईल असं काही उरतं का? पुढची पायरी आजच्यापेक्षा थोडी अवघड आहे का? तिन्ही एकाच कामात मिळतील असं नाही, पण आठवड्यात प्रत्येकीचा हात लागला पाहिजे. नुसतं फिरणं तिन्हींत बसत नाही. तेच फिरणं दोघांनी ठरल्या वेळी केलं, तर पहिलीत बसतं.

उठायची वेळ मात्र नोकरीच्या वेळेपासून अर्ध्या तासापेक्षा जास्त हलू देऊ नका. दुपारची झोप वीस-तीस मिनिटं, तीही तीनच्या आत. उशिरा आणि तासभर झोपलं की रात्रीची झोप मागे सरकते, सकाळ जाते, आणि महिनाभरात दिवसाचा आकारच मोडतो.

जुनी_पेटी:

फोटोंच्या तीन पेट्या म्हणजे तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं काम आहे, ते मागे टाकू नका. फक्त क्रम उलटा होऊ देऊ नका. बहुतेक जण आधी सगळे फोटो स्कॅन करतात आणि नावं नंतर घालू म्हणतात. फोटो कपाटात आणखी पाच वर्षं टिकेल, पण चेहरे ओळखणारी माणसं थांबत नाहीत. म्हणून आधी ओळखपरेड, मग स्कॅनिंग.

ज्या फोटोंत घोळका आहे ते वेगळे काढा. त्यांची साध्या कागदावर मोठी प्रत छापा आणि त्या प्रतीवर प्रत्येक डोक्यावर आकडा टाका. ही प्रत घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा आणि फोनवर नावं लिहून घ्या: एक कोण, दोन कोण. एका बैठकीत पाच-सहा फोटो पुरे, पुढे ऐकणारा आणि सांगणारा दोघंही थकतात. दर आठवड्याला एकच वार आणि वेळ ठरवा. वर दिनमान यांनी म्हटलेली 'वाट पाहणारी' माणसं इथे आपोआप मिळतात.

आकडे टाकण्यासाठी मूळ फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवू नका, पेन्सिलचा दाब फोटोवर उमटतो. मागच्या बाजूला बॉलपेन तर नकोच: अक्षरं पुढे उठतात आणि शाई खालच्या फोटोला लागते. मऊ पेन्सिलने, फोटो कडक सपाट जागेवर पालथा ठेवून, कडेला हलकं लिहा. नंतरच्या काळातल्या रंगीत फोटोंची पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल उठत नाही. अशा वेळी पाकिटावर लिहा आणि लिहून झाल्यावरच फोटो आत घाला.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखाने उपटू नका. दात साफ करायचा, मेण नसलेला दोरा फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे करत पुढे न्या. दोरा अडला तर जोर करू नका. तो फोटो पानासकट स्कॅन करा.

स्कॅनर फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर फोटो पालथा ठेवायचा असा घ्या, कागद ओढून घेणारा नको. काच पुसताना द्रव काचेवर फवारू नका, फडक्यावर घ्या, नाहीतर तो कडेने आत झिरपतो आणि कायमचा डाग बसतो. फोटोसाठी ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरतात. ४ बाय ६ इंचाचा फोटो त्यावर २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, टिफ स्वरूपात सुमारे २६ एमबी. मूळ प्रत टिफमध्ये, कारण त्यात तपशील जात नाही; वाटायला जेपेग, ती फाइल लहान असते. रंगदुरुस्ती नेहमी जेपेगवर करा, टिफला हात लावू नका. फाइलचं नाव साल-महिना-दिवस, मग प्रसंग, मग तीन आकडी क्रमांक: १९७४-०५-१२_लग्न_००३. तारीख ठाऊक नसेल तर १९७x, अंदाजाने साल घालू नका. पुढची पिढी तेच खरं धरते.

नावनोंदीसकट दोन तासांत साधारण चाळीस फोटो होतात. हजार फोटो धरले तर पंचवीस बैठका, आठवड्याला दोन म्हणजे तीन महिने. चारपैकी दोन अर्धे दिवस यातच बसतील. प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी.

घरचा_आहेर:

जोडीदाराच्या दिवसाबद्दल. 'मदत करतो' हा शब्द टाळा. मदतीत लक्ष ठेवायचं काम दुसऱ्याकडेच राहतं. त्याऐवजी घरातली दोन कामं मुळापासून शेवटापर्यंत घ्या, उदाहरणार्थ कपडे: काय संपत आलंय हे बघण्यापासून घडी करून कपाटात ठेवण्यापर्यंत. कुणी आठवण करून द्यायची वेळ येऊ नये. ज्या कामांची पद्धत वर्षानुवर्षं बसलेली आहे ती सुधारायला जाऊ नका. शिवाय दिवसाचे किमान तीन तास दोघंही आपापले, शक्यतो वेगळ्या खोल्यांत. हे निवृत्तीच्या आधीच बोलून घ्या. नंतर बोललं की ते तक्रारीसारखं ऐकू येतं.

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार, वही आजच आणतो. दोन शंका आहेत. व्यायाम किती असावा? आणि एवढं सगळं आखलं तर ती पुन्हा नोकरीच नाही का होणार?

दिनमान:

व्यायामाचं माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेलं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. बहुतेक जण पहिलंच करतात, म्हणजे फक्त चालतात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, थोडी विश्रांती, पुन्हा दहा, हा मांड्यांचा साधा व्यायाम झाला. तोलासाठी भिंतीजवळ एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून तीस सेकंद उभं राहा. टेबलावरच्या कामातून थेट रोज दोन तास चालायला लागू नका, टाचा दुखायला लागतात आणि मग सगळंच सुटतं. वीस मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. सांध्यांचा किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: नोकरीला शेवटची तारीख आपण घालत नाही, इथे घालायची. प्रत्येक काम सहा आठवड्यांच्या बोलीवर घ्या, आणि ज्यांच्याबरोबर करणार त्यांनाही तसं सांगा. कुठे स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर आधी विचारा: काम नेमकं काय, सूचना कुणाकडून घ्यायच्या, आपण आलो नाही तर कोण करणार? पहिला महिनाभर फक्त सांगितलेलं काम करा, सुधारणा सुचवू नका. वरिष्ठ पदावरून आलेल्यांचं बहुतेक इथेच फिसकटतं.

सहाव्या आठवड्याला वही उघडा. काम टाळलेले दिवस एकाच वेळचे असतील, समजा सगळे दुपारचे, तर काम सोडू नका, ते सकाळी हलवा. सकाळी हलवूनही टाळलं जात असेल, तर ते सोडून त्या जागी दुसरं घ्या.