टांझानियाने भारतासाठी तूर पिकवत राहावं का?

दारेसलामकर :
टांझानियाच्या निर्यातीत सोनं पहिलं. पण खेड्यात पैसा खेळतो तो काजू, तूर, कापूस, कॉफीचा. त्यातली तूर मला सगळ्यात अस्वस्थ करते. उत्तरेतल्या बाबातीकडे ती मक्यात आंतरपीक म्हणून घेतात, दक्षिणेत लिंडी-म्त्वारालाही पिकते. गिऱ्हाईक मात्र एकच मोठं, भारत. ५ ऑगस्ट २०१७ ला, टांझानियात नवा माल बाजारात येत असताना, भारताने तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि तिथला भाव कोसळला. २०१५ मध्ये आपल्याकडे डाळ २०० रुपयांवर गेली तेव्हा आफ्रिकेत तूर शोधत फिरणारे आपणच होतो. मोझांबिकशी २०१६ मध्ये खरेदीचा करार केला, टांझानियाला तसा लेखी शब्द दिला नाही. माझं मत : हमीचा करार होईपर्यंत त्यांनी तुरीचं क्षेत्र वाढवू नये, आणि डाळ तिथेच भरडून विकावी.

कोरडवाहू :
२०१७ च्या सुरुवातीला मी तुरीची पोती घेऊन खरेदी केंद्रावर आठ दिवस मुक्काम केला. हमीभाव ५,०५०, आणि बाजारात व्यापारी त्याच्या जवळही जायला तयार नव्हता. तेव्हा बंदरात बाहेरची तूर उतरतच होती. ती मर्यादा उशिरा आली, असं मी म्हणेन. २०२१ मध्ये तर आयात पुन्हा मोकळी केली. टांझानियाच्या शेतकऱ्याबद्दल वाईट वाटतं, पण त्याला हमी द्यायची तर आधी आमच्या हमीभावाने खरेदी पूर्ण होऊ द्या.

दारेसलामकर :
मर्यादा घालायचा हक्क भारताचा आहेच. माझा राग वेळेवर आहे. पेरणीआधी कळलं असतं तर त्यांनी दुसरं काही लावलं असतं.

काजूवाला_वेंगुर्ला :
डाळ तिथेच भरडा म्हणता, मग काजूही तिथेच सोला म्हणाल. आमच्याकडची बी मार्च ते मे. पुढे कारखाना चालतो तो आफ्रिकेच्या बीवर, आणि टांझानियाची बी ऑक्टोबरपासून निघते, नेमकी आमच्या रिकाम्या दिवसांत. ती थांबली तर सोलणाऱ्या बायकांचं काम थांबेल. शिवाय सत्तरच्या दशकात टांझानियाने कर्ज काढून काजूचे कारखाने उभारलेच होते. बहुतेक बंद पडले. गर पांढरा, अख्खा काढणं हे हाताचं कसब आहे, ते यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

बंदरावरून :
कसब शिकता येतं, व्हिएतनाम शिकलाच. पण हुकमाने होत नाही हेही खरं. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्यापाऱ्यांनी भाव पाडला म्हणून तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी किलोला ३,३०० शिलिंग जाहीर करून काजू उचलायला सैन्य पाठवलं. भाव चांगला होता, पण पैसे हाती पडायला वेळ लागला आणि सरकारला माल खपवता येईना. खाणीत मात्र अडवणूक उपयोगी पडली. २०१७ मध्ये सोन्या-तांब्याच्या मातीची, म्हणजे माकिनिकियाची, निर्यात बंद केली आणि शेवटी बॅरिक या कॅनडाच्या खाणकंपनीबरोबरच्या नव्या कंपनीत सरकारला १६ टक्के हिस्सा मिळाला. खाण उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही, काजूचा व्यापारी मात्र आयव्हरी कोस्टला निघून जातो.

आयातीचंही बघा. यंत्रं चीनची, इंधन बाहेरचं, औषधं बरीचशी भारताची. रिक्षाला तर तिथे 'बजाजी'च म्हणतात. आपण तयार माल देतो आणि कच्चा घेतो. दारेसलामकरांचा मुद्दा इथे मला पटतो.

किनारपट्टी :
एक दुरुस्ती. तूर तिथे कुणी खातच नाही असं समजू नका. किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवलेली म्बाझी, म्हणजे तूरच, सकाळच्या न्याहारीला असते. शाळांच्या जेवणात ती आली तर भारतावर अवलंबून राहणं थोडं तरी कमी होईल.

कोरडवाहू :
कराराला माझा सरसकट विरोध नाही. त्यात एक ओळ घाला : डिसेंबर ते मार्च, आमची तूर बाजारात असताना, बाहेरची बंदरात उतरणार नाही. त्यांचा माल ऑगस्टलाच तयार असतो, नोव्हेंबरपर्यंत खुशाल आणा.