टॉरेंटचं अपलोड फक्त संध्याकाळीच का तुटतं?

सीडवाला: मी लिनक्सच्या आयएसओ फाइली टॉरेंटवर सीड करतो, म्हणजे इतरांना उतरवायला देतो. संध्याकाळ झाली की पीअर, म्हणजे फाइल घेणारे, जोडले जातात आणि लगेच तुटतात. त्याच वेळी ब्राउझरमधलं डाउनलोड मात्र पूर्ण वेगाने चालतं. पहाटे सगळं आपोआप सुरळीत. तक्रार केली की ठरलेलं उत्तर, "सर, लाइन ओके दाखवतेय." प्रोव्हायडर मुद्दाम अडवतोय हे सिद्ध कसं करायचं?

पोर्ट६८८१: आधी राउटर बघा. फार कनेक्शन उघडली की साध्या राउटरचा दम निघतो. टॉरेंट क्लायंटमधली (प्रोग्राममधली) कनेक्शनची मर्यादा कमी करून पाहा.

वायरमन: राउटरचा दोष असता तर पहाटेही त्रास झाला असता. मला 'लगेच तुटतात' हे खटकतंय. 2007 मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीचं हेच उघडकीला आलं होतं. कंपनीची यंत्रणा मध्ये बसून दोन्ही बाजूंना खोटी आरएसटी पॅकेटं, म्हणजे 'कनेक्शन तोडा' असे निरोप, पाठवायची. दोघांनाही वाटायचं, समोरच्यानेच फोन ठेवला. 2008 मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, हे थांबवायचा आदेश दिला. तो 2010 मध्ये कोर्टात टिकला नाही, पण तोवर कंपनीने पद्धत बदलली होती.

तुम्हीही तेच तपासा. ओळखीच्या कुणाला तरी दुसऱ्या कनेक्शनवर क्लायंट चालवायला सांगा आणि दोन्हीकडे वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं नोंदवणारा प्रोग्राम) लावा. तेवढ्यापुरतं क्लायंटमधलं यूटीपी (टॉरेंटची डेटा पाठवायची एक पद्धत) बंद ठेवा. ते टीसीपीऐवजी यूडीपीवर चालतं, तिथे आरएसटी सापडणार नाही. तुमच्याकडे आलेलं आरएसटी समोरच्या मशीनवरून निघालेलंच नसेल, तर ते वाटेत कुणीतरी घुसवलंय. त्याचा टीटीएलही (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर एकने घटणारा आकडा) बाकीच्या पॅकेटांशी ताडून बघा. आरएसटी नसेल आणि पॅकेटं नुसती गळत असतील, तर शेपिंग (कंपनीने ठरवून वेग उतरवणं) किंवा साधी गर्दी.

गर्दीच्या वेळी जास्त वापरणाऱ्या प्रत्येकाचा वेग उतरवला तर मी समजू शकतो, सांगून केलं तर. पण प्रोटोकॉल ओळखून गुपचूप कनेक्शन तोडायचं आणि वर लाइन ओके म्हणायचं, ही ग्राहकाची फसवणूक आहे.

सीडवाला: व्हीपीएन लावला की संध्याकाळीही नीट चालतं. एवढा पुरावा पुरेल?

वायरमन: नाही पुरणार. व्हीपीएनमुळे पॅकेटांचा रस्ताही बदलतो, त्यामुळे ते गर्दी टाळून जात असेल असं म्हणायला त्यांना जागा राहते. दोन्हीकडचे कॅप्चर (वायरशार्कच्या नोंदी) वेळेसकट जोडा आणि तक्रार लेखीच द्या.

सीडवाला: बहिणीचं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं आहे. तिच्याकडे आज क्लायंट टाकतो, कॅप्चर इथेच लावेन.

वायरमन: लावा. आयपी पत्ते मात्र आधी पुसा.