रडारचं चुकतं ते थेंबाच्या आकारामुळे

हवामान रडारने ४० मिमी पाऊस दाखवला आणि पर्जन्यमापकात ७० भरला म्हणजे रडार बोगस, हे मला पटत नाही. रडार पाऊस मोजतच नाही हो, थेंबांवरून परत आलेला सिग्नल मोजतं, आणि तो थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर जातो, म्हणजे दुप्पट जाडीचा एक थेंब ६४ लहान थेंबांइतका दिसतो. त्यावरून पाऊस काढायचं सूत्र थेंब साधारण कोणत्या आकाराचे असतील ते धरून चालतं, त्यामुळे वळवाचे टपोरे थेंब, त्यात गारा असल्या तर विचारूच नका, रडारवर फुगून दिसतात आणि घाटातला बारीक पण दाट पाऊस कमी भरतो.

मामांचं घर महाबळेश्वरच्या बाजूला आहे, तिथे जुलैत मी स्वतः मापक लावलं होतं. रात्रभर नुसती बारीक धार, रडारच्या चित्रात आमच्यावर फिका हिरवा रंग, म्हणजे हलका पाऊस, आणि सकाळी साडेआठला बघतो तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली, मोजपात्र चारदा ओतावं लागलं! शिवाय अंतराचंही आहे, क्षितिजाच्या अर्धा अंश वर सोडलेला रडारचा बीम, म्हणजे लहरींचा झोत, १०० किमीवर साधारण दीड किमी उंचीवर असतो, त्याच्या खाली जो पाऊस तयार होतो तो त्याला दिसणार कसा? मापकही अगदी बिनचूक नाही म्हणा, जोराच्या वाऱ्यात थोडं पाणी तोंडावरून निसटतंच.