मदत हवी आहे: सर्व्हर रीबूट करू का? (तातडीचे!)

पंचवटीकर
सर्व्हरला लॉगिन केलं की 'सिस्टीम रीस्टार्ट रिक्वायर्ड' येतंय, वर दीडशेच्या वर अपडेट बाकी. ६११ दिवस बंद केलेला नाही. रीबूट मारू का? परत उठेल ना? एका लॉजचं बुकिंग आणि एका द्राक्ष निर्यातदाराची साईट आहे त्यावर. आज रात्रीच उरकायचंय, पहाटे गावाला निघतोय. हो की नाही एवढंच सांगा.

सातपूरकर
कसला सर्व्हर? व्हीपीएस (होस्टिंगवाल्याकडचा भाड्याचा सर्व्हर) की ऑफिसातलं मशीन? लिनक्स कुठलं? बॅकअप?

पंचवटीकर
साधाच व्हीपीएस हो, उबंटू. बॅकअप आहे.

टर्मिनलतात्या
चालतंय ना? मग हात लावू नका. आमच्या अंबडच्या कारखान्यातला सर्व्हर चार वर्षं बंद नाही.

गोदाकाठ
तात्या, तुमचा सर्व्हर कारखान्याच्या भिंतीआड आहे, यांचा भर रस्त्यावर, म्हणजे इंटरनेटवर उघडा. कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं, अपडेट डिस्कवर येऊन पडतं, पण रीबूट होईपर्यंत जुनंच कर्नल चालू असतं.

टर्मिनलतात्या
उबंटूत लाइव्हपॅच आहे त्यासाठी, रीबूट न करता कर्नल दुरुस्त करतं.

गोदाकाठ
ते कर्नलच्या सुरक्षेतल्या गंभीर भोकांपुरतं. ओपनएसएसएल (एनक्रिप्शनची लायब्ररी) बदललं की त्याच्यावर चालणाऱ्या सर्व्हिसेस रीस्टार्ट कराव्याच लागतात.

मिसळप्रेमी
विंडोज ११ पण असंच छळतं. सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' टाका, कामाच्या वेळात रीस्टार्ट होत नाही.

सातपूरकर
पंचवटीकर, बॅकअप कुठे ठेवलाय?

पंचवटीकर
होम फोल्डरमध्ये झिप करून. का?

सातपूरकर
म्हणजे जादा किल्ली घरातच ठेवून दाराला कुलूप! डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि फोटोंचा फोल्डर आधी स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवा. होस्टिंगच्या पॅनलमधून स्नॅपशॉटही (अख्ख्या सर्व्हरची प्रत) घ्या. आणि उबंटू कितवं?

पंचवटीकर
२०.०४. हे आधी विचारायचं ना.

क्लाउडबाबा
अहो, त्याचा मोफत सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला! आजच २२.०४ वर उडी मारा, एका कमांडचं काम.

गोदाकाठ
गावाला जायच्या आदल्या रात्री? २०.०४ मध्ये पीएचपी (साईट ज्या भाषेत चालते ती) ७.४ येतं, २२.०४ मध्ये ८.१. जुन्या साईटचे प्लगइन कोसळले तर एसटीत बसून दुरुस्त करणार का? आवृत्ती बदलायची तर नवा व्हीपीएस घ्या, साईट तिथे चालवून बघा, मगच डोमेन वळवा. तोवर जुन्या आवृत्तीलाही सुरक्षा अपडेट देणारं उबंटू प्रो जोडून ठेवा, वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे.

आज करायचंच असेल तर अपडेटच्या आधी एकदा नुसतं रीबूट करा. ६११ दिवसांत हाताने सुरू केलेलं, कुठेही न नोंदवलेलं बरंच काही साठलेलं असतं. आधी अपडेट करून मग रीबूट केलं आणि साईट बसली, तर दोष नव्या पॅकेजचा की दीड वर्षापूर्वीच्या तुमच्याच उद्योगाचा, हे कळत नाही. मी एकदा जादा डिस्क काढून टाकली, एफएसटॅबमधली (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) ओळ तशीच राहिली. रीबूटनंतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, एसएसएच (दुरून लॉगिन) बंद. पॅनलमधला कन्सोल (मशीनची थेट स्क्रीन) उघडला, तर रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्डच ठेवलेला नव्हता, कायम एसएसएच-की (किल्लीची फाईल) वापरून आत जायचो. रात्रीचे दोन वाजले होते. तेव्हा कन्सोलवर पासवर्डने आत जाता येतं का, ते आधी बघा.

अपडेट टीमक्समध्ये चालवा (कनेक्शन तुटलं तरी त्यातलं काम सर्व्हरवर चालू राहतं), नाहीतर लाईट गेली की राउटर बंद आणि इन्स्टॉल अर्धवट. कॉन्फिग फाईल बदलू का असं विचारलं तर जुनीच ठेवा.

टर्मिनलतात्या
दोनदा रीबूट? म्हणजे दोनदा जीव टांगणीला. रात्री तरी कोण बघतंय म्हणा.

सातपूरकर
द्राक्षाचं गिऱ्हाईक हॉलंडचं असेल तर आपली मध्यरात्र म्हणजे त्यांची संध्याकाळ. ॲक्सेस लॉग (साईटवर कोण कधी आलं त्याची नोंद) बघून वेळ ठरवा.

मिसळप्रेमी
लॉज कुठलं? सिंहस्थात खोली मिळेल का?

पंचवटीकर
झालं. पहाटे चारला नुसतं रीबूट केलं. साईट दोन्ही आल्या, पण बुकिंगचे ईमेल बंद! तो प्रोग्राम मीच कधीतरी हाताने सुरू करून ठेवला होता. सर्व्हिस बनवून इनेबल केली, आता रीबूटनंतर आपोआप सुरू होईल. अपडेट राहिलेत, आल्यावर करतो. गाडी चुकली ती वेगळीच.

गोदाकाठ
तेच म्हणत होतो.

सातपूरकर
डंप उतरवलात ना?

पंचवटीकर
आल्यावर.