शब्दचर्चा : वजाबाकीतला ‘उसना’, ‘हातचा’ आणि ‘सुटा’

प्रश्न

नमस्कार. मी दुसरीच्या वर्गाला गणित शिकवते. गेल्या आठवड्यात ५२ वजा २७ हे उदाहरण फळ्यावर सोडवताना ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून पाचाकडून एक उसना घेतला’ असे मी नेहमीप्रमाणे म्हणाले. उत्तर २५ आले, आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “बाई, उसना घेतलेला परत कधी द्यायचा?” मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. हा शब्द येथे मुळात योग्य आहे का? नसल्यास कोणता वापरावा?

प्रतिसाद

त्या मुलीला शब्दाचा अर्थ अगदी नेमका कळला आहे. शेजारच्या घरून वाटीभर साखर उसनी आणली, तर आपल्याकडे साखर आल्यावर वाटीभर साखरच परत जाते. वाण्याकडून साखर उधार आणली, तर नंतर पैसे द्यावे लागतात. आणि कर्ज म्हटले की व्याज मनात येतेच. म्हणजे जे घेतले तेच, तेवढेच आणि व्याजाविना परत करायचे, हा ‘उसना’ या शब्दाचा गाभा आहे. ‘हातउसने’ घेतलेले पैसेही असेच फेडले जातात.

आता आपल्या आजी-आजोबांची वजाबाकी ऐकून पाहा : “बारातून सात गेले, पाच उरले, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले, दोन उरले.” या रीतीत वरच्या संख्येचा पाच जसाच्या तसा राहतो. वरच्या दोनात दहा मिळवले, म्हणून खालच्या दशकात एक मिळवला. दोन्ही संख्या दहा-दहाने वाढल्या, त्यामुळे त्यांच्यातला फरक बदलला नाही. येथे घेतलेला दशक खालच्या ओळीत खरोखरच फेडला जातो, आणि म्हणून ‘उसना’ हा शब्द या रीतीला शोभतो. पुढे शाळेत रीत बदलली, शब्द मात्र तोच राहिला, असा माझा तर्क आहे.

आज आपण पाचाचा चार करतो आणि तो दशक कधीच परत जात नाही. खरे तर कोणी कोणाकडून काही घेतच नाही : ५ दशक २ एकक हेच आता ४ दशक १२ एकक या रूपात मांडलेले असतात, आणि संख्या ५२ची ५२च असते. या कृतीला ‘दशक सुटा करणे’ किंवा ‘दशक मोडणे’ असे म्हणावे, असे माझे ठाम मत आहे. बाजारात जाणाऱ्या मुलाला नोट मोडणे, सुटे पैसे आणि ‘मोड आहे का?’ हा प्रश्न आधीच ठाऊक असतो. दहा काड्यांच्या जुडीचे रबर काढले की दहा काड्या बाकावर पसरतात आणि शब्दाचा अर्थ हाताला कळतो.

४०३ वजा १६८ या उदाहरणात फरक अधिकच जाणवतो. ‘शून्याकडे उसने द्यायला काही नाही, म्हणून ते चाराकडे मागते’ ही गोष्ट मुले पाठ करतात, पण शून्याच्या जागी नऊ का आला हे त्यांना सांगता येत नाही. त्याऐवजी एक शतक मोडून दहा दशक केले, त्यांतला एक दशक सुटा केला, म्हणून नऊ उरले, असे म्हटले की ३ शतक ९ दशक १३ एकक समोर दिसतात आणि उत्तर २३५ येते. अमेरिकेत ब्राउनेल आणि मोझर या शिक्षण-संशोधकांनी १९४९ मध्ये तिसरीच्या मुलांवरील अभ्यासात आजी-आजोबांची रीत आणि दशक सुटा करण्याची रीत यांची तुलना केली होती, आणि अर्थ समजावून शिकवल्यास दशक सुटा करण्याची रीत सरस ठरते, असे त्यांना आढळले.

पुन्हा प्रश्न

आभारी आहे. मग बेरजेतला ‘हातचा’ही सोडून द्यावा का? आणि घरी आजोबा जुन्या रीतीने शिकवत असतील तर काय करावे?

प्रतिसाद

‘हातचा’ सोडू नये. तो शब्द फार चांगला आहे : लिहायचे ते लिहून झाल्यावर जो पुढच्या घरासाठी हातात राखून ठेवला, तो हातचा. वचनही आपोआप जुळते. एक असेल तर ‘हातचा एक’, आणि आठ त्रिक चोवीसमध्ये ‘हातचे दोन’. अडचण एवढीच की ३८ अधिक २७ करताना ‘हातचा एक’ म्हणणाऱ्या मुलाला तो एक म्हणजे सुटा एक वाटतो. म्हणून दर वेळी “एक काय?” असे विचारावे आणि “एक दशक” हे उत्तर येईपर्यंत थांबावे.

आजोबांची रीत चूक आहे असे मात्र मुलांना कधीही सांगू नये. एकच उदाहरण पाटीवर दोन्ही रीतींनी शेजारी शेजारी सोडवून घ्यावे, आणि त्या मुलीला तिचाच प्रश्न पुन्हा विचारावा : कोणत्या रीतीत उसना परत गेला?